डिझेल गळतंय? पान्याआधी फडकं हातात घ्या

पनवेलजवळच्या कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून रात्रभर उभ्या असलेल्या ट्रकच्या गाड्या सकाळी निघून गेल्या की मागे जमिनीवर काळे ओले डाग उरतात. काही इंजिन ऑइलचे, काही हबमधल्या तेलाचे, पण बरेचसे डिझेलचे. एकच गाडी रोज जिथे उभी राहते तिथलं डांबर मऊ होऊन खडी सुटलेली दिसते, कारण डिझेल डांबर विरघळवतं. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "थोडं पाझरतंय, बघू पुढच्या सर्व्हिसिंगला."

पहिल्यांदाच गाडी घेतलेला मालक, क्लिनरवरून नुकताच ड्रायव्हर झालेला मुलगा, गॅरेजात काम शिकायला लागलेलं पोर, अशांसाठी हे लिहितोय. थोडं पाझरणं थोडं नसतं. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर चोवीस तासांत ८६,४०० थेंब होतात, म्हणजे दीड-दोन लिटर डिझेल. महिन्याचा हिशोब तुम्हीच करा. आणि पैसा ही त्यातली लहान गोष्ट आहे. पहिल्या पावसात मुंब्रा बायपासवर किंवा उरण फाट्याच्या वळणावर मोटारसायकलवाला घसरतो, तो पुष्कळदा कुणाच्या तरी गाडीतून सांडलेल्या डिझेलवर. तेच डिझेल तापलेल्या टर्बोवर (इंजिनात हवा दाबणारा, धुराने तापणारा भाग) पडलं तर केबिनसकट गाडी जळून जाते.

माझ्या पहिल्या गाडीला फीड पंपाखाली, म्हणजे टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणाऱ्या छोट्या पंपाखाली, सतत ओल असायची. मिस्त्रींनी फीड पंप बदलला. ओल कायम. मग त्याचे पाइप बदलले. ओल कायम. तिसऱ्या दिवशी मी वैतागून सगळं इंजिन घासलेटने धुतलं, कोरडं पुसलं आणि टॉर्च घेऊन बसलो. दहा मिनिटांनी दिसलं, वर फिल्टरच्या डोक्यावरच्या बँजो बोल्टाखाली (पाइपाच्या टोकाचं कडं धरणारा पोकळ बोल्ट) बारीकशी चमक आली होती. तिथून डिझेल फिल्टरच्या अंगावरून उतरत होतं, ब्रॅकेटवरून सरकत होतं आणि फीड पंपाच्या टोकाशी येऊन थेंब धरत होतं. चार-पाच रुपयांचा तांब्याचा वॉशर होता तो. तीन दिवसांचं भाडं बुडालं आणि चांगला पंप भंगारात गेला.

तेव्हापासून एक गोष्ट मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो. ओल दिसते ती जागा वेगळी आणि गळते ती जागा वेगळी. डिझेल वरून खाली येतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे उडतं, वायरिंगच्या गुच्छावरून धावतं. थेंब पडतो तो सगळ्यात खालच्या टोकावरून. म्हणून शोध नेहमी वर आणि पुढे घ्यायचा.

आधी खात्री करा की ते डिझेलच आहे

पांढऱ्या कागदावर किंवा पुठ्ठ्यावर दोन थेंब घ्या. डिझेल लगेच पसरतं, डाग फिका असतो आणि वास लपत नाही. इंजिन ऑइल काळं, जाड, बोटांत चोळलं की बुळबुळीत. कूलंट हिरवं किंवा गुलाबी असतं. ते पाण्यासारखं पसरतं, पण हाताला किंचित चिकटतं. स्टिअरिंगचं तेल बऱ्याच गाड्यांत लालसर असतं. हे एक मिनिटाचं काम आहे, पण डिझेल समजून स्टिअरिंगच्या गळक्या होजकडे दुर्लक्ष झालेलं मी पाहिलंय, म्हणून सांगतो.

टाकी काठोकाठ भरली असेल तर आणखी एक शक्यता असते. पहाटे गार डिझेल भरलं आणि गाडी दुपारी जेएनपीए बंदराच्या रांगेत उन्हात उभी राहिली, तर ३०० लिटर डिझेल पंधरा अंश तापल्यावर साधारण साडेतीन-चार लिटरने फुगतं. ते झाकणातून बाहेर येणारच. ही गळती नव्हे. टाकी गळ्यापर्यंत भरायची नाही, एवढाच त्यावर उपाय. झाकणाचं रबर मात्र बघून घ्या.

आणि डिझेल कमी होतंय पण गाडीखाली कुठेच ओल नाही, म्हणून लगेच ड्रायव्हरवर चोरीचा आळ घेऊ नका. पुढे सांगितलेली इंजिन ऑइलची तपासणी आधी करा. माणूस एकदा दुखावला की परत येत नाही.

हात घालण्याआधी

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके. केबिन पुढे उलटायची असेल तर तिचं लॉक पूर्ण बसलंय हे डोळ्यांनी बघा, अंदाजाने नाही. इंजिन गार होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह काढायची असेल तर बीएस-६ (प्रदूषणाचे नवे नियम पाळणाऱ्या) गाडीत चावी बंद केल्यावर थोडा वेळ थांबा, कारण धूर साफ करणाऱ्या युरियाचा पंप चावी बंद झाल्यावरही काही काळ लाइन रिकामी करत असतो. जवळ कोरड्या पावडरचा अग्निशामक आणि वाळूची बादली ठेवा. डिझेलच्या आगीवर पाणी मारायचं नसतं, जळतं डिझेल पाण्यावर तरंगत पसरतं. शेजारी वेल्डिंग चालू असेल तर तुम्ही गाडी हलवा किंवा त्यांना थांबवा. विडी-सिगारेट लांब.

सामान फार लागत नाही. घासलेट, ब्रश, बनियनचा स्वच्छ कपडा, टॉर्च, छोटा आरसा, पुठ्ठ्याचे तुकडे, डिझेल धरायला ट्रे, रिंग पाने आणि डबल पाने, योग्य मापाचे नवे तांब्याचे वॉशर आणि हातभर पारदर्शक नळी. हातमोजे घालायचे तर डिझेलला टिकणारे रबरी घाला. रोज उघड्या हातांनी डिझेलमध्ये काम केलं की वर्षभरात कातडी फाटते.

डिझेलची वाट पाठ करा

टाकीतून सक्शन पाइप निघतो. चासीच्या कडेने पुढे येतो, पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरमधून फीड पंपात जातो. फीड पंपापर्यंतची ही वाट ओढणारी आहे. फीड पंप डिझेल पुढे ढकलतो, ते मुख्य फिल्टरमधून मोठ्या पंपात, म्हणजे दाब तयार करणाऱ्या पंपात जातं. तिथून पोलादी नोझल पाइपांनी नोझलपर्यंत, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडापर्यंत. उरलेलं डिझेल ओव्हरफ्लोच्या बारीक नळ्यांनी परत टाकीत.

म्हणजे तीन भाग झाले. ओढणारा, ढकलणारा आणि प्रचंड दाबाचा, शिवाय परतीची वाट. ढकलणाऱ्या भागात फट पडली तर डिझेल बाहेर येतं. ओढणाऱ्या भागात फट पडली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. हा फरक ज्याला कळला त्याचं अर्धं काम झालं.

तुमची गाडी जुन्या मेकॅनिकल पंपाची आहे की कॉमन रेलची, हेही आधीच बघून ठेवा. इंजिनवर आडवी जाड पोलादी नळी असेल, तिच्यातून प्रत्येक नोझलला एकेक पाइप जात असेल आणि नोझलवर वायर लागलेली असेल, तर ती कॉमन रेल. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्या अशाच आहेत. जुन्या गाडीत नोझल साधारण २०० ते २५० बारला उघडतो. कॉमन रेलमध्ये दाब १६०० बार आणि त्याहून वर जातो. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये आठ बारच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज घ्या.

धुवा, पुसा, बसून बघा

सगळी ओली जागा ब्रशने घासलेट लावून धुवा. फिल्टरचं डोकं, त्याखालचं ब्रॅकेट, फीड पंप, मोठ्या पंपाचा वरचा भाग, नोझल पाइपांचे नट, सगळं. अल्टरनेटर आणि वायरिंगचे सॉकेट प्लास्टिकने झाका. मग कोरडं पुसा. नुसतं पुसून भागत नाही, खाचांत राहिलेलं डिझेल तासाभराने परत बाहेर येतं आणि तुम्हाला फसवतं. वाळायला अर्धा तास द्या. कॉम्प्रेसरची हवा असेल तर लांबून मारा, पण पाइप उघडा असताना कधीच नाही.

सुकल्यावर संशयाच्या जोडांवर अंगाला लावायची साधी पावडर बारीक भुरभुरा. पावडर पांढरी असते, तिच्यावर ओल आली की काळपट रेघ उमटते आणि ती रेघ जिथून सुरू होते तीच तुमची जागा. पंख्याच्या आणि पट्ट्याच्या जवळ पावडर टिकत नाही, तिथे जोडाला कागदाची पट्टी गुंडाळा.

आता इंजिन बंद असतानाच हँडपंप (फीड पंपावरचा हाताने दाबायचा पंप) मारा. फीड पंपाच्या पुढचा, म्हणजे ढकलणारा भाग यात दाबाखाली येतो. पंचवीस-तीस वेळा मारून टॉर्चने वरून खाली बघत या. फिल्टरच्या डोक्याचे बँजो, एअर काढायचा स्क्रू, फिल्टर आणि डोकं यांच्यामधलं रबर, बाऊलचा नळ, फीड पंपाचं गॅस्केट, हँडपंपाचा दांडा, या क्रमाने. माझ्या अनुभवात बाहेरच्या गळत्यांपैकी बऱ्याच इथेच सापडतात. इंजिन चालू करायची वेळ येतच नाही.

नाही सापडली तर इंजिन चालू करा आणि पुढचं वाचल्याशिवाय जवळ जाऊ नका.

बोटाने चाचपायचं नाही

आपल्याकडे सवय आहे, पाइपाभोवती बोट फिरवून ओल बघायची. ती सवय आजच सोडा. नोझल पाइपाला केसाएवढी चीर असेल तर डिझेल दिसत नाही, धुकंही कधीकधी दिसत नाही. पण ती धार कातडीतून आत शिरते. बाहेर नुसती सुई टोचल्यासारखी खूण दिसते, रक्तही फारसं येत नाही, दुखणंही आधी कमी असतं. काही तासांत बोट सुजतं आणि आतलं मांस मरायला लागतं. वेळ घालवला तर बोट कापावं लागतं. अशी खूण दिसली तर हळद लावून, पट्टी बांधून घरी झोपायचं नाही. लगेच मोठ्या रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "दाबाखालचं डिझेल हातात शिरलंय." ही शस्त्रक्रियेची तातडी आहे. छोट्या दवाखान्यात नुसतं धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन परत येऊ नका.

मग बघायचं कसं? लांब काठीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधा आणि इंजिन चालू असताना तो नोझल पाइपांजवळून सावकाश फिरवा. धार असेल तर पुठ्ठा ओला होतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. जागा कळली की इंजिन बंद.

जुन्या इंजिनात नोझल चेक करायला चालू इंजिनवर एकेक नट सैल करून मिसिंग, म्हणजे कोणता सिलिंडर नीट पेटत नाही ते, बघतात. कॉमन रेलवर हे कधीही करायचं नाही. तिथे इंजिन बंद केल्यावरही रेलमध्ये दाब राहतो, निदान दहा मिनिटं थांबून मगच कोणत्याही नटाला पाना लावा.

बाहेर थेंब नाही, पण गाडी एअर घेते

नव्या माणसाला सगळ्यात जास्त छळणारा प्रकार हाच. संध्याकाळी गाडी ठणठणीत, सकाळी दहादा सेल्फ मारल्याशिवाय उठत नाही. बोरघाटात भर चढावर ओढ जाते, कधी गाडी बंदच पडते. हँडपंप मारला की परत चालू. खाली बघावं तर सगळं कोरडं. ही ओढणाऱ्या भागातली फट आहे. रात्री त्या फटीतून हवा शिरते आणि पाइपातलं डिझेल उतरून टाकीत परत जातं.

मी आधी डबा लावतो. स्वच्छ प्लास्टिकच्या डब्यात गाळलेलं डिझेल घ्या, फीड पंपाचा सक्शन काढून नवी नळी लावा आणि तिचं टोक डब्यात सोडा. डबा टाकीच्या उंचीला नीट बांधा. आता गाडी उभ्या जागी वीस मिनिटं चालवा, रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी सेल्फ मारा. एका सेल्फला उठली तर फीड पंप, फिल्टर, मोठा पंप सगळे निर्दोष. चोर टाकी आणि फीड पंप यांच्या मधेच आहे. तरीही त्रास राहिला तर फीड पंपाच्या झडपा आणि पुढचा भाग बघा. हजारोंचा खर्च वाचवणारी ही एका रात्रीची परीक्षा आहे.

मग पारदर्शक नळी. जुन्या गाडीत ती फीड पंपाच्या आधी सक्शनमध्ये जोडा आणि इंजिन चालू करून बघा. सुरुवातीला चार-दोन बुडबुडे येतील, ते सोडा. पाच मिनिटांनंतरही बुडबुड्यांची माळ चालू असेल तर हवा येतेय. आता टाकीकडून एकेका जोडावर जाड ग्रीस थापत या. ज्या जोडावर ग्रीस लागताच बुडबुडे थांबले तोच जोड गुन्हेगार. ग्रीस हे फक्त शोधण्यासाठी, दुरुस्ती नव्हे.

एक खास खूण सांगतो. टाकी भरलेली असताना गाडी छान चालते आणि अर्ध्याच्या खाली गेली की एअर घेते. अशा वेळी टाकीच्या आतल्या उभ्या सक्शन पाइपालाच चीर असते. डिझेल चिरेच्या वर असेपर्यंत हवा शिरत नाही. बाहेरचे सगळे जोड बदलूनही हा त्रास जात नाही, तो याच कारणाने.

उरण आणि न्हावा शेवा भागात धावणाऱ्या गाड्यांत चासीवरचा लोखंडी पाइप जरूर बघा. खाडीची खारी हवा, पावसात उडणारा चिखल आणि पाइप धरणाऱ्या क्लिपेखाली साचलेली ओल. पाइप बाहेरून रंगवलेला चांगला दिसतो, क्लिप उघडली की आत पापुद्रे निघतात. गंज नेहमी क्लिपेखालीच बघायचा.

दुरुस्ती

जागा सापडल्यावर दुरुस्ती बहुतेक वेळा साधी असते, पण इथेच घाई नडते.

बँजो बोल्टाला दोन वॉशर असतात, डोळ्याच्या (पाइपाच्या टोकाच्या कड्याच्या) वर एक आणि खाली एक. दोन्ही बदला. जुना तांब्याचा वॉशर दाबून कडक झालेला असतो आणि त्यावर आधीच्या बैठकीची खाच असते, तो दुसऱ्यांदा नीट बसत नाही. रस्त्यात नवा मिळत नसेल तर जुना लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका. तांबं लोखंडाच्या उलट वागतं, तापवून विझवलं की मऊ होतं. मग बारीक पॉलिश पेपर काचेवर ठेवून त्यावर दोन्ही बाजू घासा. हे काम गाडीपासून लांब, डिझेलच्या हातांनी नाही. अॅल्युमिनियमच्या किंवा रबर बसवलेल्या वॉशरला ही युक्ती चालत नाही. बँजो गळतोय म्हणून लांब पान्याने आवळत राहू नका. बोल्ट आतून पोकळ असतो, तुटतो, आणि फिल्टरच्या डोक्यातले आटे गेले तर आख्खं डोकं बदलावं लागतं.

टेफ्लॉन टेप आणि सिलिकॉन डिझेलच्या जोडांना लावू नका. टेपचा धागा तुटून नोझलपर्यंत जातो, सिलिकॉन फुगून सुटतं. चांगल्या बैठकीला चिकटवण्याची गरज नसते.

होज बदलताना डिझेलसाठीचाच घ्या. पाण्याचा होज दिसायला सारखा असतो, चार महिन्यांत फुगून मऊ होतो आणि सक्शनमध्ये असेल तर आतून चपटा होऊन डिझेल अडवतो. होज मधे चांगला आणि टोकाशीच चिरलेला असेल, लांबी पुरत असेल, तर दीड-दोन इंच कापून परत बसवता येतो. क्लॅम्प होज दबेपर्यंतच आवळा, होजमध्ये रुतेपर्यंत नाही. नोझलवरच्या बारीक ओव्हरफ्लो नळ्या एक गेली की बाकीच्याही गेलेल्या असतात, सगळ्या एकदम बदला. नव्या गाड्यांतल्या प्लास्टिक कपलरमध्ये ओ रिंग असते. कपलर ओढून काढू नका, त्याची खिटी दाबून काढा आणि बसवताना टिक असा आवाज आला पाहिजे.

नोझल पाइपाचा नट सोडताना दोन पाने लावा. एकाने खालचा भाग धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला तर पंपाच्या डोक्यावरचा होल्डरही फिरतो आणि नवी गळती सुरू होते. पाइपाची टोकं कोनासारखी असतात, ती हाताने सरळ बैठकीत बसली पाहिजेत. पाइप ओढून-वाकवून बसवला तर तो महिन्याभरात चिरतो. चिरलेला पाइप वेल्ड किंवा ब्रेझ करून घेऊ नका, तो बदलायचाच. कॉमन रेलचा दाबाचा पाइप तर एकदा उघडला की बहुतेक कंपन्या नवाच बसवायला सांगतात. किती आवळायचं तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, तिथे टॉर्क पाना वापरा.

पाइपांना एकमेकांशी बांधणाऱ्या छोट्या क्लिपा उरलेला कचरा समजून फेकू नका. पाइप चिरला असेल तर दहापैकी आठ वेळा आधी क्लिप गेलेली असते. क्लिप नसली की पाइप थरथरतो आणि थरथरून तुटतो. ती परत न लावता नवा पाइप बसवणं म्हणजे तेच काम पुन्हा ओढवून घेणं.

टाकी पट्ट्याखाली घासून गळते. पट्टा आणि टाकी यांच्यातलं रबर निघून गेलं की लोखंड लोखंडाला घासतं. रस्त्यात असाल तर कपडे धुवायच्या साबणाची वडी त्या जागी घट्ट रगडा. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे गॅरेजपर्यंत पोचवतो. पाण्यात मात्र विरघळतो, पावसात त्यावर विसंबू नका. टाकीचं वेल्डिंग रस्त्याकडेच्या वेल्डरकडून करून घेऊ नका. डिझेल पेट्रोलसारखं पेटत नाही, हे खरं, पण मानकाप्रमाणे त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, किमान ३५ अंश इतकाच असतो. एप्रिल-मे महिन्यात उन्हातली टाकी तेवढी सहज तापते, आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ असते. टाकी उतरवून, वाफेने नीट धुऊन, फक्त टाक्यांचंच काम करणाऱ्या माणसाकडे द्या. गळती शोधायला टाकीत कॉम्प्रेसरची हवाही भरू नका.

मोठ्या पंपातून गळत असेल तर तुमचं काम तिथे संपलं. पंप उतरवून टेस्टिंगवाल्याकडे द्या. त्याचं सेटिंग यंत्रावर केलेलं असतं, घरी उघडला की बिघडलाच.

आता ती इंजिन ऑइलची गोष्ट. डिपस्टिक काढा. ऑइल खुणेच्या वर गेलंय, पातळ झालंय आणि डिझेलचा वास येतोय? म्हणजे फीड पंपाच्या, मोठ्या पंपाच्या सीलमधून किंवा गळक्या नोझलमधून डिझेल इंजिनात उतरतंय. बीएस-६ गाडीत सायलेन्सरमधला फिल्टर साचलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो, ते चक्र पुन्हा पुन्हा अर्धवट राहिलं तरी डिझेल ऑइलमध्ये उतरतं. कारण काहीही असो, गाडी तिथेच थांबवा. पातळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाही. ट्रिप पूर्ण करून येतो म्हणणाऱ्याला नंतर क्रँकचा खर्च आलेला मी पाहिलाय.

एअर काढणे

पाइप उघडले की हवा शिरली. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा, खाली कपडा धरा आणि हँडपंप मारा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सरळ धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा, हँडपंप थांबवून नाही, नाहीतर हवा परत आत ओढली जाते. मग तेच मोठ्या पंपाच्या एअर स्क्रूवर. जुन्या गाडीत तरीही उठली नाही तर दोन नोझलचे नट सैल करून सेल्फ मारा, डिझेल आलं की आवळा. कॉमन रेलमध्ये फक्त फिल्टरपर्यंतची हवा काढायची, पुढचं ती स्वतः करते. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त नाही, मधे अर्धा मिनिट थांबा.

नवा फिल्टर भरायला डब्यातलं डिझेल थेट मधल्या भोकात ओतू नका. ते गाळलेल्या बाजूचं भोक आहे, ओतलेली घाण सरळ नोझलला जाते.

खात्री

परत सगळं पुसा. दहा मिनिटं आयडल, मग दोन-तीनदा रेस, पुठ्ठा फिरवून तपासणी. मग पळस्पे फाट्यापर्यंत एक फेरी मारून या, जमलं तर लोड घेऊन, कारण रिकाम्या गाडीत पंपावर तेवढा ताण येत नाही. आल्यावर आधी वास घ्या, मग टॉर्चने बघा.

ट्रेमधलं घाण डिझेल आणि भिजलेले कपडे नाल्यात टाकू नका. इथला प्रत्येक नाला शेवटी खाडीलाच मिळतो. डिझेल बंद डब्यात ठेवून ऑइल गोळा करणाऱ्याला द्या. जमिनीवर सांडलं असेल तर वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून उचला, पाण्याने धुऊन पसरवू नका.

रात्री गाडीखाली, इंजिनपासून टाकीपर्यंत, वर्तमानपत्राचे कागद सलग अंथरा आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून दगड ठेवा. सकाळी इंजिन चालू करण्याआधी कागद बघा. हे लागोपाठ दोन रात्री करा. तापलेलं इंजिन रात्रभर गार होताना धातू आकसतो, आणि गरम असताना कोरडा वाटलेला जोड पहाटे थेंब सोडतो. कागदावर डाग आला तर त्याच्या सरळ वरची जागा खडूने खुणावून ठेवा आणि तिथून वर बघत जा.